बेस अँप्लिफायरची रचना आणि तिच्यावर उभा राहणारा व्यवसाय

प्रश्न असा आहे : इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतलेल्या आणि स्वतः बेस गिटार वाजवणाऱ्या माणसाने बेस अँप्लिफायरची रचना हेच आयुष्यभराचे काम म्हणून निवडावे का, आणि निवडले तर आधी रचना शिकावी की व्यवसाय? माझे बरेचसे आयुष्य असे अँप दुरुस्त करण्यात आणि बांधण्यात गेले आहे. त्या अनुभवावरून मी म्हणेन की या क्षेत्रात हे दोन प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत. रचनाकार काय सोडून द्यायचे ठरवतो त्यावर त्याचे गिऱ्हाईक ठरते आणि गिऱ्हाईक बदलले की तीच रचना एकतर अमर होते किंवा बाजारातून उठते. हे सर्वांत स्वच्छ दिसते ते अमेरिकेतील अँपेग कंपनीच्या पहिल्या पंचवीस वर्षांत, म्हणून एव्हरेट हल आणि जेस ऑलिव्हर या दोघांच्या वाटचालीकडे मी आपले लक्ष वेधतो.

त्याआधी खर्जाची अडचण नीट समजून घेतली पाहिजे, कारण या क्षेत्रातले यश आणि अपयश त्याच अडचणीतून निघालेले आहे. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की 41.2 हर्ट्झचा स्वर निघतो, आणि पाचवी तार असेल तर तो 30.9 हर्ट्झपर्यंत खाली उतरतो. 41 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरांहून अधिक असते. एक सप्तक खाली उतरून आवाजाची पातळी तीच ठेवायची असेल तर स्पीकरच्या पडद्याला चौपट हवा ढकलावी लागते. शिवाय आपला कान खालच्या स्वरांना बराच बधिर असतो, त्यामुळे इतर वाद्यांच्या बरोबरीने ऐकू येण्यासाठी बेसला कितीतरी जास्त वीज खर्चावी लागते. आवाज दुप्पट मोठा वाटावा यासाठी साधारण दसपट शक्ती लागते, हा हिशेब तर आहेच. अमेरिकन ध्वनितज्ज्ञ जोसेफ अँटन हॉफमन यांचा म्हणून ओळखला जाणारा नियम सांगतो की खोल खर्ज, लहान पेटी आणि कमी विजेत मोठा आवाज या तीन गोष्टींपैकी कोणत्याही दोनच एका वेळी मिळू शकतात. जगातल्या प्रत्येक बेस अँपच्या रचनाकाराने या तिन्हींपैकी काहीतरी सोडलेले असते. अँप हातात आला की मी पहिल्यांदा तेच शोधतो.

एव्हरेट हल हे न्यूयॉर्कच्या परिसरातले वादक होते. ते पियानो वाजवत आणि डबल बेसही वाजवत. 1940 च्या दशकातल्या नृत्यवाद्यवृंदांत ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम यांच्या गदारोळात डबल बेस ऐकू येत नसे. वादक बोटे सोलवटून घेई आणि तरीही श्रोत्यांपर्यंत फक्त एक घुमारा पोहोचे. डबल बेस जमिनीवर ज्या दांडीवर टेकतो त्या दांडीच्या टोकाशी, वाद्याच्या पोटात, हल यांनी एक मायक्रोफोन बसवला. त्या दांडीला इंग्रजीत पेग म्हणतात, आणि ‘अँप्लिफाइड पेग’ यावरूनच पुढे अँपेग हे नाव आले. 1946 मध्ये स्टॅन्ली मायकल यांच्या भागीदारीत त्यांनी व्यवसाय सुरू केला. 1949 पासून ते एकटेच अँपेग बेसअँप कंपनी या नावाने तो चालवू लागले. त्यांचे सगळे धोरण या सुरुवातीतून आलेले आहे. त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे नाट्यगृहांत, रेडिओवर आणि ध्वनिमुद्रणात रोज काम करणारे न्यूयॉर्कचे व्यावसायिक वादक होते. अशा वादकाला स्वतःच्या लाकडी वाद्याचाच आवाज, फक्त मोठा होऊन, हवा होता. आवाज फाटणे हा त्याच्या दृष्टीने निव्वळ बिघाड होता, आणि हल स्वतः त्याच जमातीतले असल्यामुळे त्यांचाही कान तेच सांगत होता.

1956 मध्ये हल यांनी जेस ऑलिव्हर यांना कामावर घेतले आणि कंपनीला खरा रचनाकार मिळाला. ऑलिव्हर यांचे सर्वांत मोठे काम 1960 मध्ये बाजारात आले : पोर्टाफ्लेक्स मालिकेतील बी-15. हा अँप मी अजूनही शिकाऊ मुलांना उघडून दाखवतो, कारण त्यातला प्रत्येक निर्णय कोणत्या ना कोणत्या खऱ्या त्रासावरचा उपाय आहे. त्या काळातल्या बहुतेक अँपची पेटी मागून उघडी असे. गिटारला ते चालते. खर्जाच्या बाबतीत मात्र पडद्याच्या मागून निघालेली लहर पुढे वळसा घेऊन येते आणि पुढच्या लहरीला खाऊन टाकते, त्यामुळे वादकाने आवाज कितीही वाढवला तरी पोट भरत नाही. ऑलिव्हर यांनी पेटी मागून बंद केली, तिला हवेसाठी मोजकी वाट ठेवली आणि आत 15 इंचांचा एकच स्पीकर बसवला. पेटी आणि स्पीकर यांचे गणित मांडणारा नेव्हिल थील यांचा निबंध ऑस्ट्रेलियात 1961 मध्ये छापला गेला आणि उद्योगात सर्वदूर वाचला गेला तो त्यानंतर दहा वर्षांनी. म्हणजे बी-15 ची पेटी आज संगणकावर एका मिनिटात होणाऱ्या हिशेबाशिवाय, कानाने आणि करवतीने जुळवलेली आहे.

पेटी बंद केली की दुसरी अडचण उभी राहते. व्हॉल्व्हचा, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांवर चालणारा अँप त्याच बंद पेटीत ठेवला तर तो तापतो, आणि स्पीकरच्या हादऱ्यांनी व्हॉल्व्ह आतून किणकिणू लागतात. ऑलिव्हर यांनी सगळी चासी, म्हणजे व्हॉल्व्ह आणि सर्किट बसवलेला धातूचा सांगाडा, पेटीच्या झाकणावर बसवली. वाजवताना झाकण उलटे करून लावायचे म्हणजे अँप मोकळ्या हवेत वर राहतो. काम संपले की तेच झाकण फिरवून कड्या लावायच्या, की व्हॉल्व्ह पेटीच्या आत सुरक्षित जातात. हादरे पोहोचू नयेत म्हणून रबराची सोय केलेली होती, आणि पेटी ढकलत नेण्यासाठी चाकांची गाडी होती. सुरुवातीच्या अँपांवर उजेड पडणारी पारदर्शक पाटी असे आणि तिच्यावर मालकाचे नाव कोरून दिले जाई. नावाच्या पाटीचा आवाजाशी काहीही संबंध नाही. पण ज्याला रोज रात्री अनोळखी सभागृहात कोपऱ्यात उभे केले जाते त्या वादकाला ती पाटी काय वाटत असेल, हे वादकच असलेल्या कारखानदाराला कळले. व्यवसायाची अशी समज पुस्तकातून येत नाही. एवढे सगळे करून शक्ती होती अवघी 25 वॅट, पुढे 30 वॅट. हॉफमनच्या तीन गोष्टींपैकी ऑलिव्हर यांनी मोठा आवाज सोडला होता. न्यूयॉर्कच्या स्टुडिओत आणि लहान क्लबांत त्याची गरजच नव्हती.

1962 मध्ये कंपनी न्यू जर्सीतील लिंडन येथे मोठ्या जागेत गेली. न्यूयॉर्कच्या स्टुडिओंत बी-15 कायमचा ठेवलेला असे, म्हणजे वादकाने फक्त वाद्य घेऊन यायचे. स्टॅक्स या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या ध्वनिमुद्रणांतले डोनाल्ड ‘डक’ डन हे बी-15 वाजवत. मोटाउन या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीच्या जेम्स जेमरसन या बेसवादकाचे नावही या अँपशी जोडले जाते. मात्र मोटाउनच्या स्टुडिओत त्यांचा बेस बहुतांशी थेट मिक्सिंगच्या मेजावर जोडला जाई आणि बी-15 हा मुख्यतः बाहेरच्या कार्यक्रमांत त्यांच्या सोबत असे. अँप विकत घेऊन तो आवाज मिळेल असे ज्यांना वाटते त्यांना हा भेद माहीत असावा.

आता हल यांच्या स्वभावाकडे येतो. त्यांना रॉक अँड रोल मनापासून नावडत असे. फाटलेल्या आवाजाला ते संगीत मानत नसत, आणि जोराने वाजवणाऱ्या नव्या मुलांसाठी अँप बनवण्याची त्यांना इच्छा नव्हती. त्याच काळात कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी नेमके उलटे केले होते. ते वादक नव्हते, रेडिओ दुरुस्त करणारे होते. 1951 मध्ये त्यांनी प्रिसिजन बेस आणला, आणि त्याला जोड म्हणून पुढच्या वर्षी बेसमन हा अँप आणला. तो अँप बेससाठी तितकासा पुरेसा नव्हता, कारण त्याची शक्ती बेताची होती. पण गिटारवादकांनी तो उचलला, आवाज पूर्ण चढवला, आणि त्याच्या फाटण्याच्या प्रेमात पडले. पुढे लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या पहिल्या अँपसाठी याच बेसमनच्या सर्किटचा आधार घेतला गेला. फेंडर यांना कोणत्या संगीताशी निष्ठा ठेवायची नव्हती, म्हणून गिऱ्हाईक जिकडे गेले तिकडे त्यांचा माल गेला. 1965 च्या आरंभी त्यांनी आपली कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला 1 कोटी 30 लाख डॉलरला विकली.

या तुलनेवरून हल यांना हटवादी ठरवून मोकळे होणे अन्यायाचे होईल, आणि या उत्तरात मला सर्वाधिक जे सांगायचे आहे ते इथेच आहे. हल यांचा तो आग्रह नसता तर बी-15 झालाच नसता. स्वच्छ खर्ज मिळवण्यासाठी बंद पेटी, मोठा ट्रान्सफॉर्मर आणि हादऱ्यांपासून बचाव हे सगळे खर्चीक उपाय त्या आग्रहापोटीच केले गेले. आवाज फाटला तरी चालेल असे मानणाऱ्या कारखान्यात असा खर्च कोणी मंजूर करत नाही. अडचण दुसरीकडे होती. ज्या बी-15 ला ते शुद्ध आवाजाचा अँप मानत होते, तो जरा चढवला की व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर मिळून स्वराची टोके हळूच दाबतात आणि त्याच्यावर मधल्या पट्टीची एक साय येते. ध्वनिमुद्रकांना नेमकी तीच साय हवी होती, कारण लहान स्पीकरच्या रेडिओवर 41 हर्ट्झ येतच नाही, वरचे सहस्वर येतात आणि त्यांवरून कान खर्ज ओळखतो. म्हणजे अँपचे यश ज्या गुणात होते तो गुण मालकाच्या यादीत दोष म्हणून नोंदलेला होता. आपला माल लोक कशासाठी घेतात हे मालकाने मालकाच्या नजरेने न पाहता वापरणाऱ्याच्या हातात पाहिले पाहिजे, आणि हल यांनी 1960 नंतर ते पाहणे थांबवले असे माझे मत आहे.

1966 मध्ये ऑलिव्हर कंपनी सोडून गेले आणि 1967 मध्ये हल यांनी अँपेग युनिम्युझिक या कंपनीला विकली. ऑलिव्हर यांनी ऑलिव्हर साउंड काढली आणि तिथे पोर्टाफ्लेक्सची कल्पना आणखी पुढे नेली. त्यांच्या नव्या अँपमध्ये बटण दाबले की विजेची मोटर चासीला पेटीतून वर उचलत असे. यंत्र म्हणून ते सुंदर होते, पण वादकाला झाकण हाताने उलटण्याचा त्रास कधी फारसा नव्हता, आणि प्रत्येक मोटर म्हणजे वाढलेली किंमत, वाढलेले वजन आणि दौऱ्यावर बिघडू शकणारा आणखी एक भाग. ती कंपनी मोठी झाली नाही. हल यांच्यापाशी कल्पक रचनाकार उरला नाही आणि ऑलिव्हर यांच्यापाशी नको म्हणणारा वादक उरला नाही, असे मी याकडे पाहतो. तुम्ही एकट्याने व्यवसाय काढणार असाल तर या दोन्ही भूमिकांपैकी आपल्यात कोणती कमी आहे हे ओळखून ती दुसऱ्या कोणाकडून पगार देऊन किंवा भागीदारी देऊन भरून घ्या.

नव्या मालकांनी हल यांनी नाकारलेले गिऱ्हाईक स्वीकारले. 1969 मध्ये एसव्हीटी नावाचा अँप आला, बिल ह्यूज यांच्या रचनेचा, 300 वॅटचा, सगळाच्या सगळा व्हॉल्व्हवर चालणारा. त्या वेळी मोठ्या सभागृहांत बेसचा आवाज ध्वनिक्षेपक यंत्रणेतून जात नसे. यंत्रणा गाणाऱ्यासाठी असे, आणि बेसवादकाच्या मागच्या पेटीलाच सगळे सभागृह भरावे लागे. म्हणून इथे पेटीचा लहानपणा सोडला गेला. 10 इंचांचे आठ स्पीकर एका पेटीत, पेटी पूर्ण बंद, आत चार कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात दोन स्पीकर. आठ लहान पडद्यांचे क्षेत्रफळ मिळून 15 इंचांच्या तीन स्पीकरांइतके होते. लहान पडदे चपळ असतात, आणि बंद कप्प्यातली हवा पडद्याला मागून आवरून धरते, त्यामुळे तो उडून फाटत नाही. अगदी खालचा स्वर 60 हर्ट्झच्या आसपासपासून उतरू लागतो, पण मधल्या खर्जाचा जो धक्का पोटावर बसतो तो दुसऱ्या कोणत्या रचनेत तसा मिळत नाही. सुरुवातीला एका अँपला अशा दोन पेट्या लागत. नुसता वरचा अँपच सुमारे 40 किलोंचा होता.

एसव्हीटीचे नाव झाले ते रोलिंग स्टोन्सच्या 1969 च्या अमेरिका दौऱ्यात. त्यांनी ब्रिटनहून आणलेले अँप सरावातच बंद पडले, अँपेगच्या हॉलिवूडमधल्या माणसाने नवे, अजून पुरते बाजारातही न आलेले एसव्हीटी आणून दिले, आणि कंपनीचा माणूस अँप सांभाळायला दौऱ्याबरोबर गेला. जाहिरातींवर पैसे खर्च करायला निघालेल्या प्रत्येक नव्या उत्पादकाला मी हे सांगतो, कारण इथे मालाइतकेच मालाबरोबर गेलेल्या माणसाने काम केले. त्या पहिल्या अँपांत रेडिओ प्रक्षेपणासाठी बनलेले 6146 जातीचे व्हॉल्व्ह होते. ते त्रासदायक ठरले आणि पुढे त्यांच्या जागी 6550 आले. सोबत जाणारा माणूस नसता तर त्या त्रासाचीच ख्याती झाली असती. 1971 मध्ये कंपनी मॅग्नाव्हॉक्सच्या ताब्यात गेली, मग आणखी हात बदलत 1986 मध्ये सेंट लुईस म्युझिककडे, 2005 मध्ये लाउड टेक्नॉलॉजीजकडे आणि 2018 मध्ये यामाहाकडे आली. नाव आणि आठ स्पीकरांची ती पेटी मात्र टिकून आहे.

पुढच्या पिढ्यांबद्दल थोडक्यात सांगतो. बॉब गॅलियन हे ह्यूलेट-पॅकार्डमध्ये अभियंता होते आणि त्यांचा ट्रान्झिस्टरवर चालणारा अँप कार्लोस सांताना यांच्याकडे पोहोचला होता. पुढे 1980 च्या दशकात त्यांच्या गॅलियन-क्रूगर कंपनीच्या 800 आरबी या अँपने खालच्या स्वरांसाठी 300 वॅट आणि वरच्या स्वरांसाठी 100 वॅट असे दोन स्वतंत्र अँप एका हलक्या डब्यात दिले. स्टीव्ह रेब यांनी 1984 मध्ये एसडब्ल्यूआर काढली. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओवादकांना काय हवे ते ऐकून त्यांनी अँपच्या पहिल्या टप्प्यात व्हॉल्व्ह, शक्तीच्या टप्प्यात ट्रान्झिस्टर आणि पेटीत उंच स्वरांसाठी वेगळा स्पीकर अशी जोडणी केली. अंगठ्याने तार आपटून वाजवणाऱ्यांना ती हवीच होती. फेंडरने 2003 मध्ये ती कंपनी विकत घेतली. इटलीतील मार्को दे विर्जिलीस यांच्या मार्कबेसने या शतकाच्या आरंभी सुमारे 3 किलोंचे अँप विकून वजनाचा प्रश्नच बाजूला काढला. त्यामागे दोन गोष्टी आहेत : दर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होऊन फार कमी उष्णता गमावणारे डी वर्गाचे सर्किट आणि नियोडिमियमच्या चुंबकाचे हलके स्पीकर. नियोडिमियमला दुसरी बाजूही आहे. 2011 च्या सुमारास चीनने निर्यात आवळल्यावर त्याचे भाव असे चढले की पेट्या बनवणाऱ्यांना आपली किंमतपत्रके पुन्हा लिहावी लागली. एकाच देशातून येणाऱ्या एकाच घटकावर रचना उभी करताना हे विसरू नये.

आता तुमच्या परिस्थितीबद्दल. आज मंचावर बेस बहुधा थेट मिक्सरला जातो आणि अनेक वादक कानातल्या मॉनिटरवर ऐकतात, त्यामुळे 300 वॅटच्या अवजड अँपला आपल्याकडे फारसे गिऱ्हाईक नाही. मागणी आहे ती चांगल्या प्रीअँपला (म्हणजे आवाजाला वळण देणाऱ्या पहिल्या टप्प्याला), बेस थेट मिक्सरला जोडणाऱ्या स्वच्छ डीआय बॉक्सला, आणि एका माणसाला जिन्यावरून नेता येईल अशा पेटीला. पेटीपासून सुरुवात करा असे मी सुचवीन. थील आणि त्यांचे गणित पुढे नेणारे रिचर्ड स्मॉल यांच्या पद्धतीने ती आधी कागदावर बसवा, मग मायक्रोफोन लावून मोजा, आणि मग वादकाला काहीही न सांगता वाजवायला द्या. आपल्या हवामानाचा विचार तिथेच करा. कोकणात आणि गोव्यात एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची) पेटी दोन पावसाळ्यांत कडांना फुगते आणि स्क्रू सैल होतात, म्हणून चांगल्या प्रतीचे प्लायवुडच वापरावे आणि कापलेली प्रत्येक कड बंद करावी. वीज 230 व्होल्टची म्हटली तरी गावच्या मांडवात जनित्रावर ती किती चढेल-उतरेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे वीजपुरवठ्याच्या टप्प्यात काटकसर करू नका.

सर्किटचे शिक्षण मात्र दुरुस्तीच्या टेबलावर घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळतील, पण कोणता भाग पाच वर्षांनी जातो आणि का जातो हे तुमच्याकडे आलेला बिघडलेला अँपच सांगेल, आणि त्या कामाचे पैसेही मिळतात. किंमत ठरवताना सुट्या भागांबरोबर विक्रेत्याचा वाटा, वाहतूक, कर आणि हमीच्या काळातली फुकट दुरुस्ती धरा. हमीचा खर्च धरला नाही तर पहिल्याच तुकडीत भांडवल आटते. व्हॉल्व्हच्या शक्तिशाली अँपला शेवटी हात लावा, तोही जाणकार शेजारी असताना. एसव्हीटीसारख्या अँपमध्ये सुमारे 700 व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर तो काही काळ धरून ठेवतात, म्हणून ते रेझिस्टरमधून रिकामे करून मीटरवर शून्य दिसल्याखेरीज आत बोट घालू नये.